बाग सगळ्यांची, मग परवानगी कशाला?



शाळा सुटली, दप्तर कोपऱ्यात टाकलं, दोन घास खाल्ले न खाल्ले आणि बॅट घेऊन तुम्ही मैदानावर पोहोचलात. बघता तर काय, खेळपट्टीवरच बांबू रोवलेले! एका बाजूला खुर्च्यांचा डोंगर, दुसऱ्या बाजूला मांडवाचं कापड, आणि एक काका हात हलवत सांगताहेत, "चला रे पोरांनो, आज इथे खेळायचं नाही. कार्यक्रम आहे."

असा अनुभव किती जणांना आलाय, असं वर्गात विचारलं तर हात वर न करणारा मुलगा शोधावा लागेल. पण आता दुसरा प्रश्न. त्या काकांना तुमच्यापैकी कुणी विचारलंय का, "काका, कार्यक्रम कुणाचा? परवानगी कुणी दिली? किती दिवसांची?" इथे मात्र सगळे हात खाली!

उद्धटपणे विचारायचं नाही, बरं का. पण विचारायला हरकत काहीच नाही. शहरातल्या बागेत किंवा मैदानात कार्यक्रम करायचा, तर त्याचे नियम असतात, आणि ते नियम खेळायला येणाऱ्या मुलांना ठाऊक असलेले बरे. कसे, ते आज पाहू.

जागेचा मालक कोण?

"बाग कुणाची?" असं विचारलं की पटकन उत्तर येतं, "सरकारची!" कुणी म्हणतं, "महापालिकेची!" हे उत्तर अर्धंच बरोबर आहे. महापालिका बागेची राखणदार असते. झाडांना पाणी घालणं, दिवे लावणं, झोपाळे दुरुस्त करणं, फाटक वेळेवर उघडणं आणि बंद करणं ही तिची कामं. मुंबई महापालिकेचा कारभार १८८८ च्या कायद्याने चालतो, राज्यातल्या इतर महापालिकांचा १९४९ च्या आणि नगरपालिकांचा १९६५ च्या. पण जागा आहे ती सगळ्या गावासाठी.

शाळेच्या वाचनालयातलं पुस्तक आठवा. ते तुमचं आहे का? आहे. शेजारच्या बाकावरच्या मुलीचं आहे का? तिचंही आहे. म्हणून तर ते घरी नेताना नोंदवहीत नाव आणि तारीख लिहावी लागते. पुस्तक परत कधी येणार, हे बाकीच्यांना कळलं पाहिजे ना! बागेची परवानगी म्हणजे अशीच एक नोंद. काही तासांसाठी किंवा दिवसांसाठी तुम्ही सगळ्यांची जागा एकट्यासाठी मागता. मग कधी घेणार, किती घेणार आणि परत कशी देणार, हे लिहून द्यायला नको का?

या "सगळ्यांमध्ये" कोण कोण येतं, त्याची यादी करा. पहाटे फिरायला येणारे आजी-आजोबा. घसरगुंडीसाठी हट्ट करणारी चिमुरडी. घर लहान म्हणून बागेच्या बाकावर अभ्यास करणारा दहावीचा दादा. दुपारी सावलीत डबा खाणारे कामगार. झाडांवर वस्तीला येणारे पक्षी. आणि तुम्ही. कार्यक्रम ठरवणाऱ्यांच्या बैठकीला यांतलं कुणीच हजर नसतं. त्यांच्या वतीने बोलण्यासाठीच नियम केलेले असतात.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. बाग वेगळी आणि मैदान वेगळं. शहराचा विकास आराखडा तयार होतो तेव्हा प्रत्येक मोकळ्या जागेपुढे ती कशासाठी, हे लिहिलेलं असतं: उद्यान, खेळाचं मैदान, मनोरंजन मैदान. हे आराखडे १९६६ च्या नगररचना कायद्याप्रमाणे होतात. आराखड्यात "खेळाचे मैदान" असा शिक्का बसला, की ती जागा आधी खेळासाठी. दुसऱ्या कामाला ती द्यायची तर तात्पुरती आणि मोजक्या दिवसांसाठीच.

अठ्ठावीस एकरांची गोष्ट

हे मोजके दिवस म्हणजे किती? त्यासाठी मुंबईत दादरला जाऊ. तिथल्या शिवाजी पार्कचं नाव ऐकलं नाही असा मराठी मुलगा विरळाच!

हे मैदान मुंबई महापालिकेने १९२५ साली लोकांसाठी खुलं केलं. तेव्हा त्याचं नाव होतं माहीम पार्क. दोनच वर्षांनी, १९२७ साली, नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने ते शिवाजी पार्क झालं. त्या काळी महाराजांचा जन्म १६२७ सालचा मानत, म्हणून ते त्रिशताब्दीचं वर्ष होतं. (आज आपण १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख मानतो.) २०२० साली महापालिकेने "छत्रपती शिवाजी महाराज पार्क" असं पूर्ण नाव ठरवलं.

मैदान आहे सुमारे २८ एकरांचं. इथे रमाकांत आचरेकर सरांनी सचिन तेंडुलकरला घडवलं. समर्थ व्यायाम मंदिरात इथेच मुलं-मुली मल्लखांबावर झेपा घेतात. कट्ट्यावर गप्पा रंगतात. आणि याच मैदानावर मोठमोठ्या सभाही होत आल्या आहेत. २६ जानेवारीचं संचलन, १ मेचा महाराष्ट्र दिन इथे साजरा होतो. ६ डिसेंबरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना अभिवादन करायला चैत्यभूमीवर लाखो लोक येतात. दुरून आलेल्या त्या माणसांना टेकायला हेच मैदान जागा देतं.

आता अडचण बघा. सभा, समारंभ, जत्रा यांची संख्या वाढत गेली, तसे ध्वनिक्षेपक वाढले. मैदानाच्या भोवती दाट वस्ती आहे, शाळा आहेत. बालमोहन विद्यामंदिर ही प्रसिद्ध शाळा तर अगदी लागूनच. बांबूंसाठी खड्डे खणले जायचे आणि ते तसेच राहायचे. खेळणारी मुलं त्यांत पाय मुरगळून घ्यायची. शेवटी रहिवाशांची एक संस्था न्यायालयात गेली. २०१० साली मुंबई उच्च न्यायालयाने शिवाजी पार्क हे "शांतता क्षेत्र" ठरवलं. पुढे २०१६ साली राज्य सरकारने ठरवून दिलं, की खेळ सोडून इतर कार्यक्रमांसाठी हे मैदान वर्षातून ४५ दिवस देता येईल.

पंचेचाळीस! आता गणिताची वही काढा.

३६५ वजा ४५ म्हणजे ३२०. वर्षातले ३२० दिवस खेळाचे, ४५ दिवस इतर कार्यक्रमांचे. ३६५ ला ४५ ने भागलं तर आठाच्या जरा वर उत्तर येतं. म्हणजे साधारण आठ दिवसांतला एक दिवस कार्यक्रमाचा आणि सात दिवस खेळाचे. वाटणी वाईट नाही, होय ना?

पण या गणितात एक गोम आहे. एका दिवसाच्या समारंभासाठी मैदान किती दिवस अडतं? समजा, रविवारी समारंभ आहे. शुक्रवारी बांबू आले, शनिवारी मांडव उभा राहिला, रविवारी भाषणं झाली आणि मांडव उतरवून सामान नेईपर्यंत मंगळवार उजाडला. समारंभ एका दिवसाचा, मैदान बंद पाच दिवस! म्हणून कुठल्याही मैदानाची परवानगी बघताना कार्यक्रमाचा दिवस कोणता, एवढ्यावर थांबू नका. मैदान मोकळं कधी होणार, ही तारीख बघा. मुलांच्या दृष्टीने त्या कागदावरची सगळ्यांत महत्त्वाची तारीख तीच.

खेळायला जागा मिळणं ही काही मोठ्यांनी लाडाने दिलेली गोष्ट नाही. संयुक्त राष्ट्रांनी १९८९ साली बालहक्कांचा करार मंजूर केला. भारताने तो १९९२ साली स्वीकारला. त्यातल्या ३१ व्या कलमात मुलांच्या विश्रांतीचा आणि खेळण्याचा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे.

आवाजाचं गणित

कार्यक्रम म्हटला की माइक आला, आणि माइक म्हटला की "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग" आलंच. इथे देशभर एकच नियम लागू आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली झाले. त्यांतल्या मुख्य गोष्टी अशा:

१. लेखी परवानगीशिवाय ध्वनिक्षेपक लावता येत नाही. ही परवानगी पोलिसांकडे मागायची असते.

२. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. सण किंवा सांस्कृतिक कार्यक्रमासाठी राज्य सरकार रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं, पण वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस.

३. रुग्णालयं, शाळा, न्यायालयं यांच्या भोवतीचा १०० मीटरचा पट्टा सरकारला शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो.

४. आवाज डेसिबल या एककात मोजतात. राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. शांतता क्षेत्रात दिवसा ५० आणि रात्री ४०.

५५ डेसिबल म्हणजे केवढा आवाज? दोघं मित्र हातभर अंतरावर बसून नेहमीच्या आवाजात गप्पा मारतात, तो साधारण ६० डेसिबल असतो. म्हणजे ही मर्यादा त्याच्याहीपेक्षा थोडी खाली आहे.

आता डेसिबलची गंमत ऐका. फूटपट्टीवर १० पुढे गेलं की १० सेंटिमीटर वाढतात. डेसिबलचं तसं नाही. १० डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा १० पट होते! मग ५५ च्या जागी मापकाने ८५ दाखवले तर? वाढले ३० डेसिबल. १० गुणिले १० गुणिले १०, म्हणजे हजार पट ऊर्जा! आपल्या कानाला तो आवाज हजार पट मोठा वाटत नाही, म्हणूनच "थोडाच वाढवलाय हो" असं माइकवाले दादा सहज म्हणतात. पण कानाच्या नाजूक पडद्यावर आदळणारी ऊर्जा वाढायची ती वाढतेच. पाळण्यातलं बाळ, आजारी आजी आणि उद्या परीक्षेला बसणारी ताई यांना ती नीट कळते.

झाडांची बाजू

झाडं अर्ज करत नाहीत, तक्रारही करत नाहीत. पण त्यांच्या बाजूने बोलणारा कायदा आहे. महाराष्ट्रात शहरी भागातल्या झाडांच्या जतनासाठी १९७५ साली कायदा झाला. शहरातलं झाड तोडायचं तर वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. हा कायदा "तोडणं" कशाला म्हणतो, ठाऊक आहे? बुंध्यावर कुऱ्हाड चालवणं तर त्यात आलंच, पण फांद्या छाटणं, साल गोलाकार काढणं, जाळणं किंवा झाडाला दुसऱ्या कुठल्या प्रकारे इजा करणं हेही त्यात येतं.

मग कार्यक्रमाचा फलक टांगायला झाडात खिळा ठोकायचा का? मुळीच नाही. खिळा सालीतून आत जातो. झाडाने पानांत तयार केलेलं अन्न सालीच्याच आतल्या थरातून खाली मुळांकडे जात असतं. तिथे जखम झाली की कीड आणि बुरशी यांना दार उघडं मिळतं. दोरी बांधायची तर तीही सैल आणि कार्यक्रम संपताच सोडायची.

दुसरी इजा डोळ्यांना दिसत नाही. मातीच्या कणांमध्ये बारीक पोकळ्या असतात. त्यांतून मुळांना हवा आणि पाणी मिळतं. सामानाचा टेम्पो झाडाखाली आणून लावला, हजार माणसं त्याच जागी उभी राहिली, की माती दबते आणि पोकळ्या मिटतात. झाड लगेच वाळत नाही. दोन-तीन वर्षांनी शेंडा सुकायला लागतो, तोपर्यंत त्या कार्यक्रमाची कुणाला आठवणही राहिलेली नसते. म्हणून गाड्या बागेबाहेर आणि मांडव झाडांपासून दूर, ही अट शहाणपणाची आहे.

समजा, कार्यक्रम तुमचाच आहे

आतापर्यंत आपण दुसऱ्यांच्या कार्यक्रमांकडे बघत होतो. आता बाजू बदलू. समजा, तुमच्या वर्गाने ठरवलं, की १४ नोव्हेंबरला बालदिनी जवळच्या बागेत पुस्तकांची अदलाबदल करायची. वाचून झालेलं एक पुस्तक प्रत्येकाने आणायचं आणि दुसऱ्याचं घेऊन जायचं. ४० मुलं, दोन शिक्षक, दोन सतरंज्या. काय काय करावं लागेल?

पहिली पायरी: जागा बघून या. कोणत्या वेळी तिथे कोण असतं? पाण्याचा नळ आहे का? स्वच्छतागृह आहे का? बाहेर पडायला दारं किती? पाऊस आला तर कुठे थांबाल?

दुसरी पायरी: नियम विचारा. बागेच्या दारावर बहुधा नियमांची पाटी असते. ती सगळी वाचा. मग महापालिकेच्या उद्यान विभागात किंवा तुमच्या भागाच्या कार्यालयात चौकशी करा. प्रत्येक शहराचे नियम, भाडं आणि मुदती वेगळ्या असतात. शेजारच्या गावातल्या मावसभावाने सांगितलेला नियम तुमच्या गावाला लागू पडेलच असं नाही.

तिसरी पायरी: अर्ज द्या, आणि तो लवकर द्या. आदल्या दिवशी धावपळ करून परवानगी मिळत नसते. अर्जावर मुख्याध्यापकांची सही हवी, कारण जबाबदारी मोठ्या माणसानेच घ्यायची असते. दोन प्रती काढायच्या. एक कार्यालयात द्यायची, दुसरीवर पोचेचा शिक्का आणि तारीख घ्यायची. ही शिक्क्याची प्रत जपून ठेवा.

चौथी पायरी: आणखी कुणाला विचारायचं ते ठरवा. माइक लावणार? पोलीस ठाणं. मोठा मांडव आणि विजेचे दिवे? अग्निशमन दलाची ना-हरकत लागू शकते. मिरवणुकीने जाणार? वाहतूक पोलीस. खाऊचे ठेले लावणार? खाद्यपदार्थ विकणाऱ्याची २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी हवी. आपल्या पुस्तकांच्या कार्यक्रमाला यांतलं काहीच लागणार नाही. कार्यक्रम जितका साधा, तितके कागद कमी!

पाचवी पायरी: अनामत रक्कम. काही ठिकाणी भाड्याशिवाय थोडी रक्कम ठेव म्हणून भरावी लागते. जागा जशी घेतली तशी परत केली, की ती मिळते. कचरा ठेवला, हिरवळ उखडली, तर त्यातून पैसे कापले जातात. म्हणून सुरुवातीला आणि शेवटी जागेचा एकेक फोटो काढून ठेवावा.

सहावी पायरी: कचऱ्याचा विचार आधी. महाराष्ट्रात २०१८ पासून, आणि १ जुलै २०२२ पासून सगळ्या देशात, एकदाच वापरून फेकायच्या प्लॅस्टिकच्या अनेक वस्तूंना बंदी आहे. प्लॅस्टिकचे पेले, ताटल्या, चमचे तर नाहीतच, फुग्यांना लावायच्या प्लॅस्टिकच्या काड्या आणि सजावटीचं थर्माकोलही नाही. घरून स्टीलचा पेला आणा. प्रश्न मिटला!

आणि हा अर्जाचा नमुना. मराठीच्या पेपरात पत्रलेखनाला असतो तसाच आहे, फक्त याचे गुण बागेत मिळतात.

प्रति,
मा. उद्यान अधीक्षक,
........ महानगरपालिका

विषय: ........ उद्यानात पुस्तक अदलाबदलीच्या कार्यक्रमास परवानगी मिळण्याबाबत.

महोदय,

आमच्या शाळेच्या इयत्ता ५ वीतील ४० विद्यार्थी आणि २ शिक्षक बालदिनानिमित्त दि. १४ नोव्हेंबर रोजी दुपारी ४ ते ६ या वेळेत वरील उद्यानात पुस्तकांची अदलाबदल करू इच्छितात. आम्ही फाटकाजवळील मोकळ्या जागेत सतरंज्यांवर बसू. खेळण्यांचा भाग आणि फिरण्याची वाट मोकळी ठेवू. मांडव, वीज आणि ध्वनिक्षेपक वापरणार नाही. झाडांना काहीही बांधणार नाही. संध्याकाळी ६.१५ पर्यंत जागा झाडून परत देऊ. उद्यानात आलेल्या इतर मुलांनाही पुस्तके पाहता येतील.

कृपया परवानगी द्यावी, ही विनंती. काही शुल्क किंवा अटी असल्यास कळवाव्यात.

आपला विश्वासू,
मुख्याध्यापक

या पत्रात किती वाक्यं "आम्ही हे करू" अशी आहेत आणि किती "आम्हांला हे द्या" अशी आहेत, ते मोजा बघू. अर्ज वाचणाऱ्या अधिकाऱ्याला हेच बघायचं असतं. तुम्ही बागेत आलेल्या बाकीच्यांचा विचार केलाय का? फिरण्याची वाट मोकळी ठेवू, या एका ओळीत पन्नास आजी-आजोबांचा फेरफटका वाचतो.

"नाही" म्हणाले तर?

कधी कधी परवानगी नाकारली जाते. त्या दिवशी दुसऱ्याचा कार्यक्रम असेल, झाडांची छाटणी चालू असेल, किंवा जागा लहान आणि माणसं फार असतील. नकार आला तर रुसून बसू नका. कारण विचारा, आणि ते लेखी मागा.

हे महत्त्वाचं का आहे? परवानगीचा नियम चांगल्या कामासाठी आहे, पण तो वाईट रीतीनेही वापरला जाऊ शकतो. एखाद्याचं म्हणणं आवडत नाही, म्हणून त्याला जागाच द्यायची नाही, असंही घडू शकतं. याची एक जुनी गोष्ट लंडनची आहे. तिथल्या कामगारांना मतदानाचा हक्क हवा होता. २३ जुलै १८६६ रोजी हाइड पार्क या बागेत त्यांची सभा ठरली. सरकारने बंदी घातली आणि फाटकं बंद केली. जमलेली गर्दी एवढी मोठी होती, की तिच्या रेट्याने बागेचे लोखंडी कठडेच कोसळले! पुढे १८७२ साली कायदा झाला आणि बागेत सभा घेण्याची रीतसर सोय झाली. त्या बागेच्या एका कोपऱ्यात आजही कुणीही उभं राहून आपलं मत मांडू शकतं. त्याला "स्पीकर्स कॉर्नर" म्हणतात. फक्त ध्वनिक्षेपक लावायचा नाही. बोला हवं तितकं, पण आपल्या घशाच्या जोरावर!

आपल्या राज्यघटनेनेही १९ व्या कलमात नागरिकांना शांततेने आणि शस्त्रांशिवाय एकत्र जमण्याचा हक्क दिला आहे. सार्वजनिक सुव्यवस्थेसाठी त्यावर वाजवी बंधनं घालता येतात, हेही तिथेच लिहिलंय. म्हणजे अधिकाऱ्याला "नाही" म्हणता येतं, पण त्याला पटेल असं कारण द्यावं लागतं. २०२२ च्या दसऱ्याला शिवाजी पार्कसाठी दोन राजकीय गटांचे अर्ज आले. सुव्यवस्थेचं कारण देऊन महापालिकेने दोघांनाही नकार दिला. त्यांतला एक गट उच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने दोन्ही बाजू ऐकल्या आणि अटी घालून त्या गटाला परवानगी दिली. महापालिकेच्या शब्दावरही दाद मागता येते, हे यावरून दिसतं.

आता एकाच मैदानावर दोन हक्क समोरासमोर आले. मोठ्यांचा एकत्र जमण्याचा आणि तुमचा खेळण्याचा. दोन्ही खरे, दोन्ही हवेत. म्हणून तर दिवस मोजावे लागतात, तास ठरवावे लागतात, आवाज मापावा लागतो. सभा भरवणाऱ्यांकडे माणसं असतात, पैसे असतात, वकीलही असतात. मुलांकडे यांतलं काही नसतं आणि मतही नसतं. त्यांच्या वाटणीचे दिवस कुणी मोजलेच नाहीत, तर ते हळूहळू कमी होत जातात आणि कुणाला पत्ताही लागत नाही.

आई-बाबांसाठी

पालकहो, या जागी तुमचं काम आहे. २००५ च्या माहितीच्या अधिकाराखाली साध्या कागदावर अर्ज करून आणि १० रुपये शुल्क भरून तुम्ही महापालिकेला विचारू शकता, "गेल्या वर्षी आमच्या भागातलं मैदान किती दिवस, कुणाला आणि कशासाठी दिलं? खड्डे बुजवून घेतले का? अनामत रकमेतून काही कापलं का?" ३० दिवसांत उत्तर मिळायला हवं. रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक चालू असेल तर ११२ या क्रमांकावर पोलिसांना कळवता येतं.

आणि एक विनंती. लाडक्याचा वाढदिवस बागेत करायची हौस असेल, तर आधी नियम विचारा. मुलं आपलं बोलणं जेवढं ऐकतात त्यापेक्षा आपलं वागणं अधिक बघतात. वडिलांनी "कोण बघतंय" म्हणून परवानगीशिवाय माइक लावला, तर उद्या मुलगा तेच वाक्य परीक्षेच्या वर्गात म्हणेल.

करून पाहा

एक जुनी वही घ्या. तिच्यावर लिहा, "आमच्या मैदानाची डायरी". गल्लीतल्या चार-पाच जणांनी मिळून रोज एक ओळ लिहायची:

तारीख. मैदान खेळायला मोकळं होतं का? नसेल तर कशामुळे? मांडव कधी आला, कधी गेला? खड्डे बुजवले का? कचरा उचलला का?

शनिवारी आठवड्याची बेरीज करा. महिनाअखेर स्तंभालेख काढा: हिरवे स्तंभ खेळाच्या दिवसांचे, लाल स्तंभ बंद दिवसांचे. तीन महिन्यांनी लाल स्तंभ फारच उंच दिसू लागले, तर ती वही आणि आई-बाबांना घेऊन तुमच्या नगरसेवकांना भेटा. "आम्हांला खेळायला मिळत नाही हो," असं नुसतं सांगितलं तर मोठी माणसं "बघू, बघू" म्हणतात. तारखा लिहिलेली वही समोर ठेवली, की त्यांना ती उघडून बघावी लागते.

पहिली ओळ आजच लिहा. आज मैदान मोकळं असेल, तर लिहून झाल्यावर लगेच खेळायला पळा!